पायरीवरचा नारळ

तुमचे केरळातले फोटो मिळाले. वेताच्या खुर्च्या मांडलेली बोट, दोन्ही काठांवर नारळाची झाडं, आणि मग ते गाव, जिथे गाइडने तुम्हाला काथ्याची दोरी वळून दाखवली आणि एका घराच्या ओसरीवर बसवून चहा पाजला. धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू कधी अशी बोटीत बसली आहेस?" मी "हो, एकदा" म्हटलं आणि लगेच तुमच्याकडच्या बर्फाचं विचारलं. मला एखादी गोष्ट सांगायची तर पहिल्यापासून क्रमाने सांगावी लागते, आणि फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता. म्हणून लिहिते आहे.

मीही गाइडबरोबरच बोटीत बसले होते. आमच्याही सहलीत एका गावाला भेट होती. फक्त आमचं पाणी धरणाच्या मागे चढलेलं चंबळेचं होतं. चंबळ आपल्या इंदूरपासून फार लांब उगवत नाही. मुंबईच्या रस्त्यावर मानपूरच्या जवळपास जे डोंगर आहेत, तिथून ती निघते. तिथे तुम्ही तिला उडी मारून ओलांडाल. पुढे गौतमपुऱ्याच्या बाजूने उत्तरेकडे जाताना ती मोठी होत जाते, आणि मग बऱ्याच लांब, जिथे ती चांगली रुंद झालेली आहे, तिथे धरण बांधलं. नवा मध्यप्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या काळी लोक धरण बघायला देवाला जावं तसे जायचे. डबे बांधून, नवे कपडे घालून.

आमच्या महिला मंडळाने सहल ठरवली तेव्हा मी घरी येऊन सहज सांगितलं. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. घरात सगळे त्यांना माई म्हणत, मीही तेच म्हणायची.

"मला यायचंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करताहेत. राजवाड्यापर्यंत टांग्यातून गेल्या तरी त्यांना मळमळायचं.

"माई, बसचा दिवसभराचा रस्ता आहे. वर बोट."

"मग असू दे ना. लिंबू ठेवीन जवळ."

"धरणात तुम्हाला बघायचंय तरी काय?"

"धरण नाही बघायचं," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून त्यांनी मला जे सांगितलं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं.

तुमचे पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते चंबळेकाठच्या एका लहानशा गावात अंमलदार होते. तिथे माईंना मुलगा झाला. म्हणजे तुमच्या आजोबांचा थोरला भाऊ. तो बसायला लागला होता, दात यायचे होते, आणि तापाने गेला. दात न आलेल्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बायका त्या जागी जात नाहीत. पणजोबा आणि गावचा चौकीदार, दोघे त्याला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. माईंनी विचारलं, "कुठे?" पणजोबा म्हणाले, "नदीकाठी चिंच आहे, तिच्याखाली." त्यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही आणि माईंनाही काढू दिला नाही. लवकरच बदली झाली. मग इंदूर, मग तुमचे आजोबा, मग तुमची आत्याआजी. चिंच माईंनी कधी पाहिलीच नाही.

"चिंच पाण्यात गेली असेल आता, माई," मी म्हटलं.

"ते कळतं मला. कुठल्या पाण्यात, एवढं तर कळेल? गाव वर नेऊन वसवलंय म्हणतात. तो चौकीदार असेल तिथे. त्याने पाहिलीय जागा." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "रुसला असेल तो माझ्यावर. एक चांगलं धोतर घे त्याच्यासाठी. खुश होऊन जाईल."

त्या रुसण्याचं मला ठाऊक होतं, कारण ते माझ्यासमोर झालं होतं.

तो चौकीदार दर वर्षी दिवाळीच्या थोडं आधी आमच्या घरी यायचा. उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल फेटा. बसने यायचा, रस्त्याकडच्या पायरीवर बसायचा, आत कधी यायचा नाही. पणजोबा त्याच्यासाठी स्वतः सियागंजमधून एक नारळ आणत आणि हातभर कोरं कापड. इतर कुणाला ते आणू देत नसत, आणि त्या माणसाला वस्तू देतानाही स्वतःच बाहेर जात. मग दोघे थोडा वेळ पायरीवर बसत. बोलत नसत. मला नवलच वाटायचं, कारण पणजोबा कुणाच्या शेजारी असे पायरीवर बसणारे नव्हते. माई म्हणायच्या, "साहेबांचा तिकडचा चौकीदार. पोस्त न्यायला येतो." पोस्त म्हणजे दिवाळीला पोस्टमनला, दूधवाल्याला आपण खुशीने देतो ते. जुन्या नोकरीतला माणूस, इतक्या लांबून येतो, त्याला पोस्त द्यायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मराठी घरात ते वाटण्यासारखं नव्हतंच.

पणजोबा गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. माणूस गेलेल्या वर्षी आपण सण करत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तो आला. माईंनी दारातूनच सांगितलं, "यंदा आमच्याकडे दिवाळी नाही रे. साहेब गेले." त्याला ते ठाऊक नव्हतं. तो फेटा काढून बराच वेळ बसून राहिला. माईंनी त्याच्या हातावर एक रुपया ठेवला. तो गेल्यावर पाहिलं तर रुपया पायरीवर तसाच. "बघ," माई मला म्हणाल्या, "कमी वाटला वाटतं."

पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. मी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होते, बोलणं ऐकू येत होतं. या वेळी तो हिंदीत, अजिजीने म्हणत होता, "माँसाब, एक नारियल दे दो. इस बार जरूरी है." माईंना त्याचा तो आग्रह आवडला नाही. त्या म्हणाल्या, "अरे, साहब गए, नौकरी गई, अब काहे की दिवाली? हर साल मत आया करो इतनी दूर से." त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. एवढ्या लांबून म्हाताऱ्या माणसाने कशाला यावं, हाही विचार त्यात होता. तो थोडा वेळ उभा राहिला. काहीतरी सांगेल असं वाटलं, पण फेटा सारखा करून निघून गेला. त्यानंतर कधी आला नाही.

सहल निघाली ती थंडीत. मी नेहमीप्रमाणे सगळं नीट बांधलं होतं. पुऱ्यांचा डबा, बटाट्याची भाजी, थर्मास, माईंसाठी लिंबं, एका पिशवीत चौकीदाराचं धोतर. माईंनी स्वतःची पिशवी मला बांधू दिली नाही. त्यात खण, तांदूळ आणि नारळ होता. मी समजले, माझ्या हातून नदीची ओटी भरवून घ्यायची असेल. मोठं पाणी पाहिलं की आपल्या बायका ओटी भरतातच.

रात्री डाक बंगल्यावर मुक्काम करून सकाळी आम्ही पाण्यावर पोचलो. धरणाच्या खात्याची एक मोटरबोट होती, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. गाइड म्हणून खात्याने एक तरुण माणूस दिला होता, पांढरे बूट, काळा चष्मा, हातात कर्णा. तो उभा राहून बोलू लागला.

"बहनजी, दाहिने देखिए, जहाँ तक नजर जाए पानी ही पानी. अब बाएँ देखिए…"

"अहो भिया," आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "दाहिने पण पाणी, बाएँ पण पाणी. दाखवता काय आहात तुम्ही?"

सगळ्या हसल्या. तोही हसला. "माताजी, पानी ही तो देखने की चीज है. पहले यहाँ कुछ नहीं था."

"कुछ नहीं था म्हणे," माई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

त्यांना मळमळत होतं. लिंबू नाकाशी धरून त्या पाण्याकडे पाहत होत्या. पाणी निळंही नव्हतं आणि हिरवंही नव्हतं. शिशासारखं होतं, आणि बोटीच्या आवाजाखेरीज कशाचाच आवाज नव्हता. कुणीतरी विचारलं, जुन्या देवळाचा कळस वगैरे वर दिसतो का.

"कुछ नहीं दिखता बहनजी. दरवाजे, लकड़ी, पत्थर, सब लोग उखाड़कर ऊपर ले गए. छोड़ा क्या है जो दिखे?"

माईंनी त्याला हाताने जवळ बोलावलं आणि गावाचं नाव घेऊन विचारलं, "बेटा, वो पुराना गाँव किधर था?"

"नीचे तो बहुत गाँव हैं माताजी. वो…" त्याने कर्णा धरलेला हात पाण्यावरून लांब फिरवला. "उधर कहीं."

माई त्या हाताच्या दिशेने बघत राहिल्या. हात तर अर्ध्या क्षितिजावरून फिरला होता.

नवीन गाव उंचावर वसवलेलं होतं. सरळ गल्ल्या, एकासारखी एक घरं, हातपंप, शाळा. नीमची रोपं लावलेली, त्यांच्याभोवती काटेरी कुंपण, सावली अजून कुठेच नव्हती. शाळेतल्या मुली रांगेत उभ्या राहून गाणं म्हणाल्या. एका कुंभाराने आमच्यासमोर सुरई केली. तुमच्या काथ्याच्या दोरीसारखंच. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर माई हातपंपाशी उभ्या राहून पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलत होत्या. एकीने गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. माई चालू लागल्या.

"माताजी, उधर नहीं," गाइड मागून धावला. "उधर प्रोग्राम में कुछ नहीं है."

"तेरा प्रोग्राम तू देख बेटा," माई न थांबता म्हणाल्या, "मेरा मैं देखती हूँ."

मी धोतराची पिशवी घेऊन त्यांच्या मागे गेले.

चौकीदाराच्या घरी त्याची बायको होती. अगदी म्हातारी, बारीक. अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. हातात बांगड्या नव्हत्या. ते पाहूनच मी पिशवी पदराआड घेतली.

"घरवाळा तो ग्या, माजीसाब," ती म्हणाली. "दो बरस वई ग्या."

माई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मी इंदूरहून आलेय, त्या म्हणाल्या, जुन्या अंमलदारसाहेबांच्या ओळखीची. साहेबांचं मूल नदीकाठी चिंचेखाली ठेवलं होतं, ती जागा कुठे होती, मला बघायचंय.

त्या आपण कोण ते का सांगत नव्हत्या, मला समजलं नाही. कदाचित इतक्या वर्षांत 'मी त्याची आई' असं म्हणायची सवय राहिली नसेल.

म्हातारीचा चेहरा उजळला. साहेबांचा बाबा ना, ती म्हणाली, साहेबाच्या लहान मुलाला तिथे बाबाच म्हणत, आणि माळवीत बोलू लागली. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. तिचा नवराच साहेबांबरोबर गेला होता. त्यानेच खड्डा खणला. त्यांच्याकडे अशी रीत आहे की असं कोवळं मूल गेलं तर ते घराचं पितर होतं, घराची राखण करतं. त्याच्या नावाचा दगड मांडायचा, शेंदूर लावायचा, आणि दिवाळीच्या आदल्या चौदशीला धूप द्यायचा. साहेब परके, बदलीचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून तिच्या नवऱ्यानेच नदीतला एक गोल दगड आणून चिंचेखाली मांडला आणि मग साहेबांना सांगितलं. साहेब लिहिलं-वाचलेले, अशा गोष्टी न मानणारे. पण ऐकून घेतलं. फक्त नारळ आणि कापड त्या मुलाच्या घरून यायला हवं, दुसऱ्याच्या घरचं चालत नाही. तेव्हा साहेब म्हणाले, दर वर्षी ये आणि घेऊन जा. पण त्यांनी एक वचन घेतलं. बाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. कळलं तर त्या रोज तिथे जाऊन बसतील, घर सोडतील.

"कौल लियो थो," म्हातारी म्हणाली. "म्हारा आदमी ने कदी नी तोड़्यो."

मला वाटलं आता माईंना उठवावं. पण त्यांनी विचारलं, "फिर?"

मग साहेब गेले. आणि धरणाचं पाणी येणार असं ठरलं. सगळ्या गावाने आपापल्या पितरांचे दगड उचलून वर आणायचे ठरवले. ते उचलतानाही त्याच्या घरचा नारळ आधी फोडायला लागतो. घरच्यांनी बोलावलं तरच ते मूल जागा सोडून येतं. म्हणून तिचा नवरा दिवाळीच्या आधी इंदूरला गेला. रिकाम्या हातांनी परत आला. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, साहेबांच्या घरच्या बाईंनी येऊ नको म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, मग सांगायचं ना त्यांना खरं काय ते! तो म्हणाला, साहेब असते तर त्यांनी मला वचनातून मोकळं केलं असतं. आता मला कोण मोकळं करणार?

उन्हाळ्यात गाव उठलं. सगळ्यांनी आपले दगड आणले. साहेबांचा बाबा चिंचेखाली राहिला.

"वो बाई मैं ही हूँ," माई म्हणाल्या.

म्हातारीने पाखडायचं थांबवलं. मला भीती वाटली ती काही बोलेल. तिने फक्त सूप बाजूला ठेवलं आणि माईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तो रोई लो, माजीसाब. अठे कोई नी देखे."

माई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, दगड कसा होता. म्हातारी म्हणाली, गोल, काळा, खाली बसकट. मांडी घालून बसलेल्या मुलासारखा दिसायचा. माईंनी मान हलवली, जशी एखादी ओळखीची खूण पटावी. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, इथे तुमचे दगड आणलेत ते दाखव.

गावाच्या कडेला एक ओटा होता. त्यावर शेंदूर लावलेले दगड रांगेत मांडलेले होते, काही मोठे, काही मुठीएवढे. कुणावर चांदीचे डोळे, कुणावर नुसता दोरा. म्हातारीने आपले दाखवले. दोन होते. आणि रांगेच्या टोकाला एक जागा मोकळी होती, शेणाने सारवलेली.

"या म्हारा आदमी ने राखी थी," ती म्हणाली. "कई खबर, कदी नारियल अई जाय." न जाणो, कधी नारळ येईल, म्हणून नवऱ्याने ती राखून ठेवली होती.

माईंनी पिशवीतून नारळ काढला. मी समजले होते तसा तो नदीच्या ओटीसाठी नव्हताच. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मूल गेलेल्या जागी काहीतरी द्यायचं म्हणून त्यांनी तो इंदूरहून आणला होता.

"यहाँ रख दूँ?"

म्हातारीने मान हलवली. तिला वाईट वाटत होतं, पण तिने खोटं सांगितलं नाही. "पत्थर बिना नी चढ़े, माजीसाब."

"दुसरा पत्थर रख दें तो? नदी का? गोल?"

"वो तो भाटो रेगा," म्हातारी म्हणाली. "छोरो नी वे."

नुसता दगड होईल, मुलगा होणार नाही. माईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या मोकळ्या जागेसमोर बसल्या आणि त्यांनी तळहात त्या सारवणावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. लांबून गाइडचा कर्णा ऐकू येत होता. बोट सुटायची वेळ झाली होती.

निघताना म्हातारीने पाण्याकडे हात करून चिंचेची दिशा सांगितली. सूर्य बुडतो त्या बाजूला, बस एवढंच. वर काही खूण नव्हती.

परतीच्या बोटीत बायका गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. पाण्याच्या मध्यावर आल्यावर माई उठून गाइडजवळ गेल्या. तोल जात होता, मी त्यांचा दंड धरला.

"बेटा, थोड़ी देर रोक दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने चष्मा काढला आणि मागे बसलेल्या माणसाला खूण केली. इंजिन बंद झालं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहो, आता काय झालं? उशीर होतोय ना!" मग माईंच्या हातातला नारळ पाहून गप्प बसल्या. भेंड्या थांबल्या.

"यहीं था?" माईंनी विचारलं.

"यहीं समझ लो, माताजी."

"समझने को नहीं पूछ रही, बेटा. यहाँ था कि नहीं, इतना बता."

"नहीं मालूम, माताजी," तो म्हणाला. "सच में नहीं मालूम."

"ठीक है," माई म्हणाल्या. त्या वाकल्या आणि त्यांनी नारळ पाण्यात सोडला.

नारळ बुडत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तरी मला वाटलं होतं तो खाली जाईल. तो एकदा आत गेला आणि वर आला, शेंडी वर करून बोटीच्या कडेशी हलत राहिला. माईंनी हाताने त्याला दाबलं. तो पुन्हा वर आला. त्यांनी पुन्हा दाबला. मग मी त्यांचा हात पाण्यातून काढून माझ्या पदराने पुसला, आणि गाइडने खूण करून इंजिन सुरू करायला लावलं. बोटीच्या मागच्या लाटेत तो नारळ बराच लांबपर्यंत दिसत होता. माईंनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी तुमच्या आजोबांनाही काही सांगितलं नाही. मला सांगू नको असंही म्हणाल्या नाहीत, पण मी सांगितलं नाही. धोतर ट्रंकेत राहिलं. त्यानंतर माई जितकी वर्षं जगल्या, तितकी वर्षं दिवाळीच्या आधी सियागंजमधून एक नारळ आणवून घेत आणि चौदशीला पहाटे रस्त्याकडच्या पायरीवर ठेवत. धूप नाही, कुंकू नाही. नुसता नारळ. संध्याकाळपर्यंत कुणीतरी उचलून न्यायचं. आणि वर्षभर कधीही त्या पायरीवर कुणी माणूस येऊन बसला, कल्हईवाला, बैरागी, रस्ता चुकलेला कुणी, तर माई हातातलं टाकून बाहेर धावायच्या. "कहाँ से आए हो भैया? काही निरोप आहे का?" त्या लोकांना काही समजायचं नाही. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्या बाईंचं मन फार मऊ झालंय.

त्यांचं जाणं शांतपणे झालं. शेवटच्या आजारात त्यांनी मला एकदाच विचारलं, "तो बसायचा तेव्हा पाठीला उशी लावावी लागायची. पाण्यात कसा बसला असेल?" मी त्यांचे पाय चेपत राहिले.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. चौदशीला मी नारळ ठेवला. तेव्हापासून दर वर्षी मीच ठेवते.

तुम्हाला आता आठवेल, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तुमच्या बाबांनी मला व्हिडिओवर विचारलं होतं, "आई, दाराबाहेर नारळ का पडलाय?" मी म्हटलं होतं, बाजारातून आल्यावर आत घ्यायचा राहिला. पायरीचं ते जुनं घर आता नाही. फ्लॅटला पायरी नसते. मी दाराबाहेर, लिफ्टच्या शेजारी ठेवते, आणि दर वर्षी आमच्या इमारतीचा चौकीदार तो उचलून बेल वाजवतो.

"माताजी, आपका नारियल बाहर रह गया."

"हो रे बाबा, रह गया," मी म्हणते, आणि त्याच्या हातून घेते. बसतोस का जरा, म्हणते. तो खुर्चीवर बसत नाही, दारातच पाणी पितो आणि खाली जातो. लिफ्ट गेल्याचा आवाज आला की मी दार उघडून नारळ पुन्हा बाहेर ठेवते.